श्रावणात भिंतीला येणारी ओल: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग रंगाचा डबा उघडा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात ज्यांचं घर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मृगाचा पाऊस होऊन जातो, भिंत कोरडी. आर्द्रा जातात, भिंत कोरडी. आषाढ सरत आला की एके सकाळी सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीला जमिनीलगत वीतभर काळपट पट्टा दिसतो. गणपती येईपर्यंत तो मांडीएवढा चढलेला असतो. रंगाला फुगे येतात, बोट लावलं की पापुद्रा सुटतो आणि आतून पिठासारखं पांढरं गळतं. दिवाळीच्या तोंडावर आपण ते खरवडतो, पुट्टी भरतो, रंग देतो. पुढच्या श्रावणात पट्टा जिथल्या तिथे.

आमच्या वडगावच्या घरात हे सलग तीन वर्षं चाललं. तिन्ही वर्षं मी रंगाच्या दुकानात जाऊन ‘ओल थांबवणारा’ डबा मागितला आणि तिन्ही वर्षं तो लावला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, त्यानंतर सोप्याबरोबर स्वयंपाकघराचा वरचा कोपरा आणि जिन्याखालची भिंतही गेली. तेव्हा मी रंगाऱ्याला सोडून एका जुन्या गवंड्याला फोन केला. मेस्त्री कानडी मुलखातले, मराठी समजून घेऊन बोलणारे. मी म्हटलं, “भिंत ओली झालीय.” आपल्याकडच्या बोली कानडीत ओली म्हणजे चूल. ते आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, “कुठल्या चुलीची भिंत?” गैरसमज दूर झाला, पण त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. ‘ओल’ या शब्दात पाणी कुठून आलं ते नसतं. आपण ‘ओल आली’ म्हणतो, समोरचा ‘वॉटरप्रूफिंग करू’ म्हणतो, आणि जमिनीतून चढणाऱ्या पाण्यासाठी गच्चीवर केमिकल मारलं जातं. आमच्या घरात तीन भिंतींना तीन वेगळ्या कारणांनी ओल होती. तिन्हींना तोच डबा लावला असता, तर एकही बरी झाली नसती.

खाली बांधकामाचे जे शब्द येतात ते पाठ करायला नाहीत. गवंड्याशी बोलताना बोट नेमक्या जागेवर ठेवता यावं, एवढ्यासाठी आहेत.

सुरुवात पेन्सिलीने

ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. दर आठवड्याला नवी रेघ. महिन्याभरात भिंतच सांगते की पाणी कुठून निघालंय. रेघा जमिनीकडून वर सरकत असतील तर पाणी जमिनीतलं. वरून खाली उतरत असतील तर गच्ची, छज्जा किंवा गच्चीचा कठडा. मधल्याच एखाद्या जागेपासून चारी बाजूंना ताटलीसारखी पसरत असेल तर आत पाइप आहे असं समजा. आणि धड कडाच सापडत नाही, नुसते काळे ठिपके आहेत, कपाटामागे जास्त आहेत, तर पाणी भिंतीतलं नाही, घरातल्या हवेतलं आहे.

हे शेवटचं खरं की खोटं ते बघायला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. हातरुमालाएवढा तुकडा घ्या. ती जागा फडक्याने पुसून पंख्याखाली कोरडी करा, फॉइल लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. खोलीच्या बाजूने फॉइलवर दव साचलं तर ती हवेतली वाफ. फॉइल काढल्यावर आतली बाजू, म्हणजे भिंतीकडची बाजू भिजलेली निघाली तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. आमच्या सोप्यात आतली बाजू थबथबलेली होती. स्वयंपाकघरात आतली कोरडी, बाहेरची ओली. एकाच घरात, एकाच दिवशी.

तिसरी गोष्ट म्हणजे महिना. गच्ची गळत असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभरात, फार तर दुसऱ्या दिवशी दिसतं आणि उघडीप मिळाली की ओसरतं. जमिनीतली ओल मात्र उशिरा येते, कारण आधी जमीन पाण्याने भरावी लागते, आणि दिवाळीनंतरही जात नाही. पाइपाची ओल पंचांग बघत नाही. ती एप्रिलमध्येही असते.

जोतं, डीपीसी आणि वर आलेला रस्ता

खालून चढणाऱ्या ओलीवर जरा सविस्तर लिहितो, कारण बेळगावात सगळ्यात जास्त चुकीचे उपाय हिच्यावर होतात.

जमिनीखाली असतो तो पाया. जमिनीच्या वर, घराच्या फरशीपर्यंत येतं ते जोतं, ज्याला इंजिनिअर प्लिंथ म्हणतात. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, भिंतीच्या पूर्ण रुंदीभर काँक्रीटचा एक पातळ थर घालतात. साधारण दीड इंच, म्हणजे ४० मिलिमीटर. त्यात पाणी अडवणारी पावडर किंवा द्रव मिसळतात, काही ठिकाणी वरून डांबराचा हात देतात. हा ओलरोधक थर. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. हल्लीच्या कॉलम-बीमच्या घरात त्या जागी प्लिंथ बीम असतो. बीमचं काँक्रीट दाट असेल तर तोही बरंचसं पाणी अडवतो, पण कुठे हनीकोंब झालं असेल, म्हणजे खडीत पोकळ्या राहिल्या असतील, तर तिथून ओल वर सरकते.

डीपीसी का लागते? समईच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं तसं वीट, गिलावा, जांभा यांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं. बहुतेक वेळा ते मीटरभर उंचीपर्यंत जातं, तिथे हवेत उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवतं. ते पांढरं पीठ म्हणजे हे क्षार. भिंतीला लोणा लागला असं आपली जुनी माणसं म्हणायची, शब्द अगदी नेमका आहे. या क्षारांचा आणखी एक त्रास आहे. पाऊस थांबला तरी ते हवेतलं पाणी स्वतःकडे ओढत राहतात. त्यामुळे खालून येणारं पाणी बंद केलं तरी लोणा लागलेला गिलावा भिंतीवर राहिला तर भिंत दमटच राहते. पुष्कळ लोक बाहेरचं काम बरोबर करतात आणि आतला जुना गिलावा तसाच ठेवतात. मग काम फुकट गेलं म्हणून गवंड्याला दोष देतात.

आमचं घर वडिलांनी १९९४ साली बांधलं. डीपीसी घातलेली होती, मला लहानपणी बघितल्याचं आठवत होतं. म्हणून मी मेस्त्रींना म्हटलं, डीपीसी आहे, तेव्हा खालून पाणी येणार नाही. ते काहीच बोलले नाहीत. बाहेर गेले, दारासमोरच्या कोपऱ्यात पहार घातली. तिथे मी स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार करून घेतला होता, भिंतीला अगदी चिकटून. उताराचा एक तुकडा उचकटला, खालची माती हाताने उकरली. आधी ओला गिलावा दिसला, मग वीट, आणि मग विटेच्या खाली एक करडी, गुळगुळीत आडवी रेघ. मेस्त्रींनी तिच्यावर थापीचं टोक ठेवलं आणि म्हणाले, “ही तुमची डीपीसी. आणि पाणी इथनं चाललंय.” दुसरा हात त्यांनी उताराच्या वरच्या कडेवर ठेवला होता. दोन्हींत चार बोटांचं अंतर. डीपीसी खाली होती आणि माती वर. मातीतलं पाणी तिला ओलांडून सरळ विटेत जात होतं.

घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून आत यायला तीन पायऱ्या होत्या. आज एकच आहे. रस्ता दर वेळी उकरून न काढता थरावर थर चढत गेला, आणि उरलेली कसर माझ्या उताराने भरून काढली. तुमच्या घरातही हेच असण्याची शक्यता मोठी आहे. परसात फरशी घातली, तुळशीचा कट्टा भिंतीला टेकवून बांधला, कुंड्यांसाठी माती भरली, शेजाऱ्याने आपली बाजू उंच करून घेतली, यांतल्या कशानेही डीपीसी गाडली जाते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवायला सांगितलंय. डीपीसी आणि बाहेरची जमीन यांच्यात निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट मोकळा राहायला हवा. पट्टी घेऊन आजच मोजा. रंगाच्या डब्यापेक्षा ही पट्टी जास्त कामाची.

आम्ही काय केलं ते सांगतो. भिंतीलगत उताराचा अर्धा फूट रुंदीचा पट्टा कटरने कापून काढला. खाली डीपीसीच्या खालपर्यंत चर खणला, त्यात खडी भरली आणि त्याचं पाणी गटाराकडे काढून दिलं. स्कूटरसाठी चरावर लोखंडी जाळी टाकली. घराच्या बाकी तिन्ही बाजूंना प्लिंथ प्रोटेक्शन करून घेतलं. म्हणजे भिंतीपासून अडीच-तीन फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतरती आणि डीपीसीच्या खाली. आतल्या बाजूने पेन्सिलीच्या सर्वात वरच्या रेघेच्याही दीड फूट वरपर्यंत गिलावा सोलून काढला. विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडले. पाण्याने धुवू नका, धुतलं की ते पुन्हा आत जातात. आणि मग भिंत उघडी ठेवली.

ही उघडी भिंत सहन करणं सगळ्यात कठीण. पाहुणे विचारतात, घरातले वैतागतात. पण ढोबळ हिशेब असा की भिंत वाळायला जाडीच्या इंचाला एक महिना लागतो. नऊ इंची भिंत म्हणजे कितीही घाई केली तरी काही महिने. दोन्ही बाजू उघड्या असल्या, वारा असला तर लवकर. म्हणून दिवाळीचा रंग ही आपल्याकडची खरी चूक आहे. दिवाळीला भिंत वर्षातली सगळ्यात जास्त पाणी प्यालेली असते, आणि नेमकं तेव्हाच आपण तिच्यावर प्लास्टिकसारखा रंग चढवतो. गिलावा आणि रंग चैत्र-वैशाखात, वळीव पडायच्या आत करा.

डीपीसी नसलेल्या जुन्या घरांचं प्रकरण वेगळं. खानापूर, जांबोटी, नंदगडकडे जांभ्या चिऱ्याच्या भिंती आहेत. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. वडगाव-शहापुरातल्या जुन्या वाड्यांना मात्र काळ्या दगडाचं जोतं असायचं. हा दगड पाणी जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे डीपीसी हा शब्द माहीत नसतानाही काम व्हायचं. वर मातीची किंवा विटेची भिंत, तिला चुन्याचा गिलावा. चुना पाणी धरून ठेवत नाही, येईल ते हवेत सोडून देतो. अशा भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत सिमेंटचा घट्ट गिलावा मारला, की पाण्याला बाहेर पडायची जागा बंद होते आणि ते सिमेंटच्या वर डोकं काढतं. दोन वर्षांत ओल कमरेवरून छातीपर्यंत गेलेली घरं मी स्वतः बघितली आहेत. तिथे पुन्हा चुनाच वापरा. हल्ली चुन्याचं काम करणारे गवंडी कमी राहिलेत, पण गावाकडे विचारलं तर मिळतात.

विटेच्या भिंतीत नंतर केमिकल भरून डीपीसी करता येते. डीपीसीच्या उंचीवर ओळीने, चार-पाच इंचांवर एक अशी भोकं पाडतात आणि त्यांतून पाणी झटकणारं रसायन विटेत मुरवतात. भोकं आडव्या सांध्यात, एका रेषेत आणि भिंतीच्या जवळजवळ पूर्ण जाडीची हवीत. दगड-मातीच्या भरीव भिंतीत आत पोकळ्या असतात, रसायन कुठे जातं कळत नाही. तिथे या उपायावर पैसे घालू नका.

स्वयंपाकघर, बंब आणि न दिसणारं पाणी

मेस्त्री चुकून चुलीकडे गेले होते ते एका अर्थी बरोबरच होतं. स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यातली ओल चुलीचीच निघाली.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंती गार पडतात. आपण खिडक्या लावून घेतो. आत गॅसवर आंघोळीचं पातेलं, दुसऱ्या शेगडीवर भाताचा कुकर, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. आता हा हिशेब बघा. एक किलो घरगुती गॅस जळला की त्यातून साधारण दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पातेल्यातली वाफ वेगळी, हे ज्वालेतून जन्मलेलं पाणी. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी गेलेलं असतं. एक कळशी भरून ओतावं तेवढं. खिडकी बंद असेल तर ते जाणार कुठे? घरातल्या सगळ्यात गार जागी, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर, दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीवर (लिंटेल), बीम आणि स्लॅबच्या कोपऱ्यात, कपाटामागे. फ्रिजमधल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच.

आमच्या आजीच्या घरात चुलीला धुराडं होतं, आणि नव्हतं तिथे कौलांच्या फटींतून धूर जायचा. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६० च्या दशकात मंगळूरला कौलांचे कारखाने सुरू केले आणि ती कौलं घाट चढून आपल्याकडे आली. त्या छपरातून धुराबरोबर वाफही निघून जायची. स्लॅब आला तेव्हा चूल गेली, धुराडं गेलं, आणि वाफ जायची वाट कुणी ठेवलीच नाही.

या ओलीला गवंडी लागत नाही. शेगडीच्या वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि गॅस बंद केल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. समोरची एक खिडकी बोटभर तरी उघडी हवी, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून? पाणी तापवताना झाकण ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. काळे ठिपके पुसून काढा, वाळू द्या. वॉटरप्रूफ रंग इथे काही करत नाही, पाणी भिंतीच्या बाहेरच आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगायलाच हवी, ओलीपेक्षा कितीतरी मोठी. पावसाळ्यात आणि थंडीत आपल्याकडे खोली उबदार करायला निखाऱ्यांची शेगडी आत आणतात, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत. गारवा नको म्हणून दारं-खिडक्या लावतात, फटींत चिंध्या कोंबतात. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही त्याची लक्षणं, आणि झोपेतच माणूस जातो. शेकायची शेगडी खोलीत असेल तोवर खिडकी उघडी ठेवा, शेकून झालं की ती बाहेर न्या. रात्री शेगडी पेटती ठेवून झोपू नका. बाथरूममध्ये बसवलेला गॅस गिझरही तसाच जीवघेणा. तो भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. लाकडावर पेटणारा तांब्याचा बंब असेल तर परसात किंवा धुराड्याखाली. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. तरी सांगा.

जिन्याखालची भिंत

ही एप्रिलमध्येही ओली होती. मेस्त्रींनी तळहात ठेवला आणि मलाही ठेवायला सांगितलं. सकाळी आठ वाजता, म्हणजे सगळ्यांच्या आंघोळीनंतर, ती जागा कोमट लागत होती. संध्याकाळी गार.

गच्चीवरच्या सोलरची गरम पाण्याची लाइन तिथून खाली येते. पांढरा पाइप साध्या पाण्याचा, यूपीव्हीसी. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो बहुधा फिकट पिवळसर असतो. आमच्या भिंतीत वरचे दोन मीटर पिवळसर आणि वळणापासून खाली पांढरा निघाला. काम करणाऱ्याचा माल संपला असावा. सोलरचं पाणी उन्हाळ्यात चांगलंच कढत येतं, पांढरा पाइप मऊ पडतो आणि सांधा सुटतो. भिंत फोडायच्या आधी खात्री करायची सोपी रीत आहे. सोलरच्या टाकीतून निघणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह तीन-चार दिवस बंद ठेवा आणि पेन्सिलीची रेघ बघा. रेघ थांबली, आटली, तर गरम लाइन. थांबली नाही तर टाकीकडून येणारी गार लाइन तशीच बंद करून बघा. नवी लाइन टाकल्यावर गिलावा करण्याआधी प्लंबरला पंप लावून दाब धरायला सांगा आणि काटा खाली येत नाही ना ते स्वतः उभं राहून बघा.

दोन्ही लाइनी बंद करूनही ओल वाढत असेल तर पाणी न्हाणीच्या जमिनीतून झिरपतंय. जिथे आंघोळीचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याला देशभरचे प्लंबर नाहणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीचाच शब्द आहे तो. या ट्रॅपची कड आणि फरशी यांच्यातला सांधा हीच नेहमीची गळती. ट्रॅपला कापडाचा बोळा घालून न्हाणीत दोन बोटं पाणी एक दिवस साठवा, खालच्या भिंतीवर लक्ष ठेवा.

गच्ची आणि पश्चिमेची भिंत

गच्चीबद्दल थोडक्यात. उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा काटकोनात ठेवू नका. तिथे सिमेंटचा गोलसर कोपरा करतात, त्याला वाटा किंवा गोला म्हणतात. तडा सगळ्यात आधी तिथेच जातो. मेमध्ये पाणी जायची भोकं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस ठेवा. खाली डाग आला तर जागा कळली. कोब्याच्या, म्हणजे गच्चीवरच्या उताराच्या थराच्या वर आणखी एक कोबा घालणं हा उपाय नव्हे. स्लॅबवर नुसता बोजा वाढतो.

पश्चिमेच्या भिंतीवर झड आपटते. कणकुंबी, जांबोटीकडे तर ती महिना-महिना थांबत नाही. बाहेरच्या गिलाव्यावर थापीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, भदभद आवाज आला तिथे गिलावा भिंतीपासून सुटलाय आणि पाणी मधल्या पोकळीत उतरतंय. तेवढाच तुकडा काढून नवा करा. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवलेली असते का बघा. ती ड्रिप. पाणी तिथे तुटून खाली पडतं. ती नसली किंवा रंगाऱ्याने पुट्टीने भरून टाकली की पाणी छज्जाच्या पोटावरून मागे भिंतीकडे येतं. आपल्या कौलारू घरांची वळचण दोन-अडीच फूट बाहेर यायची आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. आजच्या नऊ इंची छज्जांना ते जमत नाही.

येळ्ळूर, शहापूरच्या शिवाराकडे काळ्या जमिनीत घर असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे जाणारे तडे बघा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि घराला सोबत हलवते. असा तडा मेमध्ये उघडतो, ऑगस्टमध्ये मिटतो. त्यातून झड आत येते. पण तो पुट्टीने भरून भागणार नाही, पायाचा प्रश्न आहे. तो गवंड्याचा विषय नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गवंड्याला काय सांगायचं

‘ओल आलीय, बघून काहीतरी करा’ असं सांगू नका. सांगा की सोप्याच्या दक्षिणेच्या भिंतीला जुलैअखेरीपासून खालून ओल चढते, फॉइल आतून भिजते, बाहेरची जमीन डीपीसीच्या वर आलीय असं वाटतं, उकरून दाखवा. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस केमिकलचा दर सांगण्याआधी पहार मागतो. ज्याने न उकरता, न ठोकता दर सांगितला त्याला काम देऊ नका.

पैसे बेताचे असतील तर आधी बाहेरची माती आणि पाणी हटवा. मग पाइप, मग गच्ची. आतला गिलावा त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी.

आमच्या सोप्यात त्या वर्षीच्या रेघा मी पुसू दिल्या नाहीत. २२ जुलै, ५ ऑगस्ट, १९ ऑगस्ट, एकावर एक. गिलावा सोलताना त्या गेल्या, म्हणून सोलण्याआधी चौकटीच्या लाकडावर त्याच उंचीला खुणा करून घेतल्या. चर खणल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात उघड्या विटांवर ओल आली ती १९ ऑगस्टच्या खुणेपेक्षा फूटभर खाली थांबली. दुसऱ्या वर्षी विटांच्या फक्त खालच्या दोन थरांत होती. मग चैत्रात गिलावा केला, वैशाखात साधा डिस्टेंपर दिला. चौकटीवरच्या खुणा तेवढ्या अजून तशाच ठेवल्यात, दर नागपंचमीला वाकून बघतो.